पानाला किती पडतं

तेहतीस वर्षं नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये
मी दुसऱ्यांचे पैसे छापले.
आता रिटायर झाल्यावर
एम. जी. रोडवरच्या काचेच्या दुकानात
गुडघ्यांवर हात ठेवून वाकलोय
बत्तीसशेच्या प्रिंटरपुढे.

"काका, हा घ्या, सगळ्यात स्वस्त,"
गळ्यात पट्टा घातलेला पोरगा म्हणतो.
मी विचारतो, पानाला किती पडतं?
तो म्हणतो, स्कॅनही होतं, वायफायही आहे.
मी विचारतो, पानाला किती पडतं?
तो आत जाऊन मालकाला घेऊन येतो.

मालक लोढा, जुना माणूस, खरं बोलतो :
मशीन बत्तीसशेला, शाई साडेआठशेला,
तेवढ्या शाईत पानं शंभर, फार तर सव्वाशे,
आणि महिनाभर हात लावला नाही
तर शाई आतल्या आतच वाळते.
"चार आण्याची कोंबडी," एवढंच म्हणून
मसाल्याचं तो माझ्यावर सोडतो.

शाईच्या टाकीवाला साडेअकरा हजार.
त्यात पान पंधरा पैशांत.
मी बसच्या तिकिटामागे भागाकार करत राहतो.
ज्या हातांखालून रोज कोटी सरकले
त्यांना साडेअकरा हजार जड जातात,
यात नवल काही नाही.
पगाराच्या दिवशी प्रेसमध्येही
मी आपल्या नोटा दोनदा मोजायचो,
सगळ्यांसारख्याच.

आणि छापायचं काय, तर शरयूचे कागद.
जेलरोडच्या आमच्या हॉलमध्ये
संध्याकाळी नऊ पोरं बसतात.
टिंबांचा क, टिंबांचा ख,
त्यावरून पेन्सिल फिरवतात.
कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला पेखळे
पानाला तीन रुपये घेतो,
दुपारी शटर ओढून झोपतो
आणि कडेचा ळ नेमका अर्धा कापतो.
शरयू म्हणते, माझी पोरं आता
ळ अर्धाच काढायला लागलीत.

शेवटी मिळाला तो सीबीएसजवळ, कोर्टासमोर.
टायपिंग करणाऱ्या धिवरेबाईंनी
नवं मशीन घेतलं होतं, जुना लेझर
टेबलाखाली, चपलांशेजारी.
"काळंच छापतो," त्या म्हणाल्या,
"पण वाळायची भीती नाही, पावडर आहे.
अडतीसशे."
मी म्हटलं, चालवून दाखवा.
बटण दाबून धरल्यावर
त्यानं घरघरत आपली कुंडली बाहेर काढली :
एकूण पानं एक्केचाळीस हजार दोनशे सतरा.
म्हणजे भाडेकरार, वारसाचे दाखले,
नाव बदलल्याची प्रतिज्ञापत्रं,
दोघांच्या राजीखुशीचे काडीमोड.
ते पान मी सवयीनं उन्हाकडे धरलं.
आत चेहरा नव्हता, तार नव्हती,
नुसतं ऊन.
अंगठा फिरवला. सपाट.
"काय बघताय एवढं?"
काही नाही, म्हटलं, छत्तीसशे करा.

रिक्षात मांडीवर घेऊन आलो,
दत्तमंदिरच्या सिग्नलला शेजारच्या बाईनं विचारलं,
मिक्सर केवढ्याला?

शरयूनं पहिल्यांदा ळ छापला.
दोन्ही वाट्या पुऱ्या आल्या.
दुसरं पानही नीट.
तिसऱ्याला मशीननं दात लावले
आणि कागद चुरगळून अडकला.

तिथं एक ताव बिघडला
तरी त्याचा हिशेब लागेपर्यंत
कुणी घरी जायचं नाही.
मी झाकण उघडून तो हळू ओढून काढला,
मांडीवर तळहातानं सरळ केला,
कोपऱ्यात आकडा घातला : ४१,२२०.
मग तो हातात धरून उभा राहिलो,
कुणाकडे जमा करायचा ते कळेना.

शरयूनं तो घेतला, उलटा केला,
लिहिलं : शेंगदाणे पाव किलो, खोडरबर नऊ,
आणि मला परत खाली पाठवलं.