परांची

नडगीच्या मधोमध साडेचार सेंटिमीटर काहीच नाही.
एक्स-रे उजेडाला धरून डॉक्टरांनी दाखवलं:
वर हाड, खाली हाड,
मध्ये माझ्या करंगळीएवढा काळोख.
कोपरखैरण्याला चौथ्या माळ्यावरून खाली आलो
तेव्हा तिथे हाड होतं, चुरा झालेलं.
मग पू झाला. मग खरवडून काढलं.

डॉक्टरांचं आडनाव मुकादम.
पंधरा वर्षं मुकादमांचं ऐकत आलो,
या पहिल्याच, ज्या आधी "बसा" म्हणाल्या.

"तिथे परांची बांधू."
मी म्हटलं, बाई, ते काम माझं.
त्या हसल्या नाहीत. टेबलावर ठेवला
पांढरा, अनारशासारखा जाळीदार तुकडा.
नखाने टोकरला तर भुगा निघाला.
"यावर चढणार कोण?"
"तुमच्याच पेशी."
"आणि त्यांना बोलावणार कोण?"

तेव्हा कुपीचं चित्र काढलं त्यांनी कागदावर.
ग्रोथ फॅक्टर. दिसायला पाणी.
म्हणे, हे आवतण.
हे पोचलं की मज्जेतल्या, आसपासच्या
रिकाम्या हिंडणाऱ्या पेशी थबकतात,
तुकड्याच्या भोकांत शिरतात, हाड होतात.

किंमत ऐकून छबू गप्प झाली. मग म्हणाली,
"सरळ सुईने टोचा की. तुकडा कशाला?"
"टोचलं तर वाहून जातं.
आणि जास्त झालं, तर नको तिथे हाड येतं."

हे मला कळलं.
स्लॅबवर कोणी टँकर उलटा करत नाही.
गोणपाट अंथरायचं, भिजवायचं,
ते पाणी धरतं, हळूहळू सोडतं.
घाई केली की तडा.
"म्हणजे हा अनारसा नाही, गोणपाट आहे."
बाईंनी हे वहीत लिहून घेतलं.

मग महिने. पायाभोवती चार कड्या, आरपार तारा.
सानपाड्याच्या खोलीतून समोरचा टॉवर दिसायचा,
त्यावर इरण्णा, माझ्या जागी.
त्याची गाठ सैल असते.
मी खिडकीतून ओरडायचो,
त्याच्यापर्यंत पोचायचं नाही.

आठव्या महिन्यात काळोखात धुकं आलं,
जानेवारीत पहाटे पाम बीच रोडवर असतं तेवढं.
बाईंनी पेन्सिल फिरवली,
"इथवर तुकडा, इथून हाड... नाही, इथून...
आता सांगता येत नाही."
"परांची गेली कुठे?"
"विरली. जागा हाडाने घेतली."

रंग सुकला की आम्ही दोर कापतो,
बांबू टेम्पोत, भिंतीतली भोकं बुजवून टाकतात.
एवढ्या इमारती झाल्या,
एकीनेही माझा बांबू ठेवून घेतला नाही.

छबू विचारते, परत चढणार?
मी वजनकाट्यावर पाय ठेवतो.
वीस किलो, त्यावर नाही, असं सांगितलंय.
काटा अठरावर थरथरतो.
वीस म्हणजे किती,
ते पायाला शिकवतोय.