दोन बरण्या

एक व्हिनेगरातल्या काकड्यांची, एक मेयोनीजची.
धुतल्या, उन्हात पालथ्या घातल्या,
सप्टेंबरात गल्ल्याशेजारी मांडल्या
आणि चिकटपट्टीवर दोन आडनावं लिहिली.
एका कॉफीमागे एक नाणं, ज्याला हवं त्याच्या बरणीत.
आपली गंमत.
आमच्या ईरी गावात गंमत तशी बेताचीच:
सरोवर आहे, बर्फ आहे,
इंजिनांचा कारखाना आहे, अर्धा चालू.

पहिल्याच आठवड्यात डफीने काढलं:
मत नाण्याला, की पैशाला?
म्हणजे माझा क्वार्टर, चांगला पंचवीस सेंटांचा,
आणि याची तांबडी पेनी, एकाच मापाची?
टायरेल म्हणाला, बघ बाबा,
पैशाला मत हवं असेल तर थेट राजधानीतच जा.
झालं. चाळीस मिनिटं.
अंडी गार झाली, कुणी परत केली नाहीत.
भांडताना माणूस काहीही खातो.

मी नियम केला: नाणी मोजायची, किंमत नाही.
दुसऱ्या दिवशी कुणीतरी पेनींचं अख्खं पुडकं फोडून गेलं.
मेयोनीज एका रात्रीत गळ्यापर्यंत.
काकडीवाले ओरडले, लबाडी!
मेयोनीजवाले म्हणाले, हा जनतेचा कौल.
ॲनेट, रात्रपाळीची नर्स,
कुठल्याच बरणीकडे बघत नाही.
टीप माझ्या तळहातावर ठेवते, विचारते,
झोपेचा उमेदवार कोण आहे?

आणि कॅझमिर.
वय एक्क्याऐंशी, कानात यंत्र.
वाद पेटला की तो ते काढून बशीत ठेवतो.
बोलायला कुठे ऐकू यावं लागतं?
त्याने मूठ आपटली की दोन्ही बरण्या सारख्याच थरथरतात.
ताकाला जाऊन भांडं लपवणारा नव्हे तो.
त्याचं नाणं काकडीच्या बरणीत, वरून, खणकन,
शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल असं.

रात्री मी मोजते, फळ्यावर आकडा लिहिते,
आणि सकाळी त्यावरून कुणीतरी देश जिंकून दाखवतं.
साठ कपांचा माझा देश.
त्यातले चार ओहायोला जाणाऱ्या ट्रकवाल्यांचे.

ऑक्टोबरात एकदा केकच्या कपाटाच्या काचेत दिसलं.
सगळे निघून गेलेले. कॅझमिर एकटा.
मेयोनीजची बरणी तिरकी धरून
नाणं काचेवरून घसरवत होता,
झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालावं तसं,
आवाज न करता.

मी फडकं फिरवत राहिले.
तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा तोच म्हणाला,
"हे बर्निसचं.
त्रेपन्न वर्षं एकाच गाडीतून मतदानाला गेलो
आणि एकमेकांचं मत खोडून आलो.
परतताना इथे, तुझ्या आईच्या हातचा एक डोनट,
अर्धा अर्धा.
मी म्हणायचो, त्यापेक्षा दोघं घरीच बसू, हिशेब तोच.
ती म्हणायची, तू बस."
मग बराच वेळ काही नाही. फ्रीजची घरघर.
"मार्चमध्ये गेली.
या खेपेला माझं मत पहिल्यांदा शिल्लक राहणार."
बशीतलं यंत्र उचलून त्याने कानात घातलं
आणि थोडा वेळ तसाच बसला.

मंगळवारी तो आला, कोटावर मतदान केल्याचं स्टिकर,
केस ओले करून विंचरलेले.
डोनट मागितला.
मी न विचारताच सुरीने दोन केले.
तो बघत राहिला. रागावला असावा.
एक अर्धा खाल्ला. दुसरा बशीत तसाच.

इतक्यात डफी आत आला, बूट आपटत,
करांबद्दलचं वाक्य दारातच अर्धं झालेलं,
स्टुलावर बसला, हात लांबवला
आणि तो अर्धा तोंडात टाकला. बोलणं चालूच.

कॅझमिरने त्याच्याकडे पाहिलं.
मला वाटलं, आता मूठ आपटणार.
त्याने कानातलं यंत्र काढलं नाही.
म्हणाला, "चूक. साफ चूक.
बोल पुढे."