जुळं

तिसऱ्या मजल्यावर, एसीच्या थंडीत शाल पांघरून
मी रोज गोदावरीला पूर आणते.
माऊसचं चाक बोटभर फिरवलं
की गंगापूर धरणातून सुटतात
पंचेचाळीस हजार क्युसेक,
आणि चहा निवायच्या आत
पाणी होळकर पुलाखाली.
निळं, नितळ.
एक पानवेल नाही त्यात, एक चप्पल नाही.

हे शहराचं जुळं.
ड्रोननं पहाटे सव्वापाचला टिपलेलं, अब्जभर ठिपक्यांत.
पहाटे, कारण नंतर माणसं हलतात,
आणि हलणारं सगळं
यंत्र गोंगाट समजून पुसतं.
तरी रामकुंडाच्या पायरीवर एक बाई उरलीच,
ओलं लुगडं पिळणारी,
कमरेखाली नुसती रेघ.
तीनदा पुसलं मी तिला.
चौथ्यांदा राहू दिलं.

सिन्नरच्या मावशीला जुळी होती.
धाकट्याला गोवर निघाला
की थोरला रात्रभर कण्हायचा, अंगावर पुळी नसताना.
आमच्या जुळ्याला काहीच होत नाही.
सराफ बाजार बुडवा, काढा, पुन्हा बुडवा,
एक शटर गंजत नाही.

कुंभाच्या बैठकीत भिंतीवर हिरवा रंग उमटला:
एवढ्या पाण्यातही भांडी बाजाराची मागची गल्ली कोरडी.
सही करण्याआधी एकदा बघून या, साहेब म्हणाले.
टॅब छातीशी धरून गेले.

भास्कर कासार तांब्याला चिंच चोळत होते.
चष्मा कपाळावर चढवून त्यांनी हिरवी गल्ली पाहिली,
सोयरिकीचा फोटो पाहावा तशी.
"रंग बरा दिलाय.
पण ताई, आमच्याकडं पाणी नदीकडून येतच नाही."
आणि पायाच्या अंगठ्यानं
गल्ल्याजवळची फरशी दाबली.
फरशी हलली. खाली काहीतरी डुचमळलं.
"आधी हा नाला ढेकर देतो.
नदी येते मागून, अर्ध्या तासानं, पाहुणीसारखी."

मी विचारलं, किती मीटर?
"मीटर कुठला?
एकोणसत्तरला वडलांचे वरच्या फळीवरचे हंडे गेले.
सोळाला पराती.
एकोणीसला पातेली, तीही खालच्या रांगेतली.
हंडा तरंगत जातो, परात आहे तिथंच बुडते,
हे घाला तुमच्या मशीनमध्ये."
मग, जरा थांबून,
"मारुती कुठाय यात?"

शोधला. होता.
दोन तोंडांनी दोन्हीकडं बघत
ज्याच्या कमरेवर, छातीवर अख्खं शहर पूर मोजतं,
तो आमच्या यादीत
अडथळा, क्रमांक दोनशे अकरा.
उंची, रुंदी, घर्षणाचा गुणांक.
शेंदराला रकाना नव्हता.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर
मी दोनशे अकरा खोडलं, मारुती लिहिलं.
कमर, छाती, गळा, तीन खुणा केल्या.
फरशीखालचा नाला ओढला अंदाजानं,
कारण त्याचा नकाशा पाणीपुरवठ्याकडं नाही,
मलनिस्सारणाकडं नाही,
आहे तो एका अंगठ्याला ठाऊक.
पाणी सोडलं.
हिरवी गल्ली आधी पिवळी झाली, मग लाल,
नदी अजून पुलापाशीच होती.

सकाळी साहेबांनी बराच वेळ पाहिलं.
"संदर्भ काय लावणार याला?"
मी टाईप केलं:
कासार, भा. खालच्या रांगेतली पातेली, २०१९.
ते हसले नाहीत. सहीही केली नाही.
फाईल टेबलावरच आहे,
तिच्यावर पेपरवेट म्हणून एक तांब्याची वाटी,
कुणी आणून ठेवली ते मी सांगणार नाही.

काम चालूच आहे.
आज सत्तर हजार सोडून बघायचेत.
चाकावर बोट ठेवते,
आणि नजर आपोआप पायरीवर जाते.
थांबते जराशी.
तिचं पिळून होऊ दे.