सव्वा

दिवाळ्याच्या जेट्टीपासून चौथं घर.
खाली मुलगा बर्फ विकतो.
वर हसुराम नाखवा, माझगाव डॉकमधून निवृत्त ट्रेसर,
एकोणीसशे बावीस साल दुरुस्त करत बसतो.

मला रजिस्टर दाखवलं ते भांगाच्या दिवसांत.
खाडीला पाणी धड येत नव्हतं, धड जात नव्हतं,
होड्या चिखलात कुशीवर.

वॉशिंग्टनला खरी वाटणी अशी झाली, तो म्हणाला,
इंग्रज पाच, अमेरिका पाच, जपान तीन,
फ्रान्स पावणेदोन, इटली पावणेदोन.
"जाळ्यातल्या म्हावऱ्याचे वाटे घालतात ना, तशी.
ज्यांची खाडी, ते बाहेर उभे."

त्याच्या रजिस्टरात सहावा रकाना आहे.
हिंदुस्थान : सव्वा.
एक का नाही, मी विचारलं.
"देवालासुद्धा सव्वा लागतो.
एक मागितला की अर्धा हातावर ठेवतात."

त्या सव्व्यात त्याने बेलापूरच्या किल्ल्याखाली गोदी खणली,
तीन क्रूझर उतरवल्या :
जिताडा, शिंगाळा, घोळ.
युद्धनौकेला मासळीचं नाव? सिमल्यात आठवडाभर खल,
एक मंत्रिमंडळ जाता जाता राहिलं.
नौदलाचा मंत्री एक बॅरिस्टर,
त्याला उधाण कळे, भांग कळत नसे,
म्हणून सव्वीस साली 'घोळ' रुतली
वाशीच्या वळणावर, सहा तास,
जपानी पाहुणे डेकवर, हातात नारळपाणी.
हे सांगताना हसुराम इतका हसला
की खालून मुलाने हाक मारली, काय झालं म्हणून.

तीस साली लंडनला सहावी खुर्ची मिळते.
बाकीच्यांपेक्षा जरा बुटकी.
त्याने तीही मोजून काढली आहे, स्केलने.

सगळं जागच्या जागी. फक्त पान एकतीस खटकलं.
"१९२३. सर्व बोटी तेलावर. व्यापारी बोटीसुद्धा. कोळसा बंद."
एवढ्या लवकर? पैसा कुठला? तेल कुणाचं?
तो चष्मा पुसत राहिला.

मग पत्र्याच्या पेटीतून एक कागद काढला.
जोमा नाखवा, आगवाला, कोळसाबोटीवर,
एडनच्या पुढे, चोवीसचा जून, उष्म्याने.
बोटीचं नाव घडीवर आलंय, वाचता येत नाही.
पगार, कापून-छाटून, एकोणीस रुपये.

"आधी मी झेंडेच बदलले," तो म्हणाला,
"तीन वर्षं नुसते झेंडे.
पण बॉयलरला झेंडा दिसत नाही.
आपल्या झेंड्याखालीही खाली जोमाच,
हातात तेच फावडं."

म्हणून तेल.
तेल आलं की आगवाल्याला कामावरून काढतात,
आणि कामावरून काढलेला माणूस घरी येतो.
पान बत्तीस : जोमा दिवाळ्याला पोचतो,
दोन दिवस झोपतो,
तिसऱ्या दिवशी डोल लावायला जातो.
दारात नागूबाय. हिरवा चुडा.

मी म्हणालो, छान झालं की.
त्याने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.
"नागूबायनं दोन वर्षांनी धाकट्या दिराशी पाट लावला.
त्यांचा पोरगा, माझा बाप."

खाली कुणीतरी बर्फ फोडत होतं.
पामबीचकडचे दिवे लागले
आणि खाडीत पाण्याची एक बारीक रेघ शिरली, बोटभर.

पुढची पानं त्याने तरीही भरलीत.
जोमाची होडी, जोमाची पोरं, नावानिशी,
चौतीस साली नवं जाळं.
शेवटी घडी घातलेला ट्रेसिंग पेपर : जोमाचं घर,
जेट्टीपासून चौथं, दारं-खिडक्या मापात.
खाली उजव्या कोपऱ्यात, डॉकच्या सवयीने, चौकट :
मोजमाप : फूट.
तपासले : —
रेखाटन :

आणि तिथे पेन्सिलीची टोकं टेकल्याचे
दोन-तीन ठिपके.