पुडिंग

आमच्याकडे अशा डोक्याला पुडिंग म्हणतात :
खाली पिवळं कस्टर्ड, वर करपल्या साखरेचा थर.
किहो दारातच लोकरीची टोपी काढते
आणि मी तोंड उघडायच्या आत सांगते,
"पाच महिन्यांचं आहे. हसून घ्या एकदाचं."

मी हसत नाही.
हाकोदातेच्या बंदरापाशी हे दुकान उघडल्याला
एकतीस हिवाळे झाले.
माझे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत,
तेवढं ऊन या गावात पडतंच कुठे?

रॉकेलच्या शेगडीजवळची खुर्ची तिला देते.
शिंपी कापड चाचपतो तशी एकेक बट चाचपते.
महिन्याला एक सेंटीमीटर, थोडं इकडेतिकडे.
भांगापासून तीन बोटं तिची स्वतःची,
काळी, जाड, जरा हट्टी.
मग एकदम रेघ.
रेघेखाली तीन वर्षांचं ब्लीच,
टोकांना भाताचा पेंढा झालेला :
ओला करून ताणला की ताणतो,
माघारी येत नाही.

"सरसकट काळा लावू? तासाभरात सुटशील."
"नको. तो उतरतो, मग तांब्याच्या भांड्यासारखी दिसते मी.
वाढू दे. फक्त ती रेघ तेवढी…
रेघ दिसली की लोक विचारतात."

रेघ पुसता येत नाही, पोरी.
तिचे तुकडे करता येतात.
कंगव्याच्या शेपटीने काळ्यातून उचलायचे
सुईत ओवता येतील एवढेच केस,
फॉइलमध्ये निजवायचे, उजळू द्यायचे.
पिवळ्यातल्या काही बटा गडद करायच्या,
एक वरून, एक खालून,
सारखं अंतर मात्र कुठेच ठेवायचं नाही.
रात्री माकुळ मारणाऱ्या होड्या दिवे लावून उभ्या राहतात
तेव्हा समुद्र कुठे संपला ते सांगता येत नाही,
तसं काहीसं.

"मान खाली."

आणि मागे, मानेच्या खळगीवर,
मला दुसराच हात सापडतो.
पुढचं काम किहोचं आहे : घाईचं,
कपाळाची कातडी भाजेपर्यंत रेटलेलं.
मागचं कुणीतरी निगुतीने केलंय.
थर एकावर एक, सगळे उलट्या दिशेने झुकलेले.
फक्त डाव्या कानामागे एक नारिंगी डाग सुटलाय,
नाण्याएवढा.

"मागे कोण लावायचं? डावखुरं कुणी?"

शेगडी कुरकुरते. बाहेरून ट्राम जाते.
"चिगुसा," ती फरशीला सांगते.
"एका खोलीत राहायचो.
हीटरच्या बिलावरून भांडलो.
म्हणजे, बिलावरून नाही."
थोड्या वेळाने :
"ऑक्टोबरात ती सेंदाईला गेली.
मागे माझा हात पोचत नाही."

ऑक्टोबर ते मार्च. पाच.
हे मी मघाशीच मोजलं होतं,
कशाचं मोजतेय ते ठाऊक नव्हतं.

"हा डाग काढू?"
मी पाठीमागे लहान आरसा धरते.
ती मोठ्या आरशातून त्यात बघते,
इतका वेळ, की माझं मनगट भरून येतं.
"आपोआप खाली सरकेल ना तो?"
"सरकेल. वर्षभरात खांद्यावर येईल."
"मग?"
"मग कात्री आहेच."
"तोवर असू दे."

टोनर धुताना बेसिनमध्ये जांभळं पाणी फिरलं.
आठवड्यातून एकदाच जांभळा शाम्पू, मी बजावलं,
रोज लावलास तर राखेसारखी दिसशील.
हो म्हणाली. लावणार रोजच, मला माहीत आहे.
टोपी तिने खिशात कोंबली
आणि बर्फाच्या चिखलातून वाट काढत
थांब्याकडे गेली.

केर काढला. सुपलीत दोन्ही रंग होते,
निवडत कोण बसणार?

संध्याकाळी कोपऱ्यावरून एक पुडिंग आणलं, पंचाण्णव येनचं.
कपात साखर तळाशी असते,
बशीत पालथं घातलं की डोक्यावर येते.
आज पालथं घालायचा कंटाळा केला.