साठ हर्ट्झ

बूट काढून ठेवा, असं दारावर लिहिलेलं.
निहार म्हणाला, आजी, फोन पण बंद.
मिलवॉकीत बाहेर उणे अकरा,
माझ्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक,
आणि काळ्या गणवेशातली डेलोरिस
कानांत केशरी बोळे घालून
दाराशी स्टुलावर.

आत अंधार.
छताला, भिंतींना, जमिनीखालीही स्पीकर,
एकूण चौसष्ट, असं पत्रकात.
गालिच्यावर माणसं आडवी,
लग्नघरात उशिरा रात्री पडतात तशी,
कुणाचं डोकं कुणाच्या पायांकडे.

बराच वेळ काहीच नाही.
मग मणक्यातून काहीतरी सरकलं
खालून वर,
आणि डाव्या कोपऱ्यातून एक बारीक टिकटिक निघाली,
डोक्यावरून चालत गेली,
उजव्या भिंतीत शिरली.
निहारने माझा हात धरला.
भ्यायलं कोण, ते विचारलं नाही.

मी एकतीस वर्षं सबस्टेशनात काढली.
दोनशेवीस केव्ही, कंट्रोल रूम, पाळी बहुतेक तिसरी.
रात्री दोनला काटे स्थिर
आणि बाहेर खडीवर ट्रान्सफॉर्मर
एका सुरात घुमत.
त्या घुमण्यावर मी स्वेटर विणले,
खात्याच्या परीक्षांचा अभ्यास केला,
पोटातली ऋजुता लाथा मारायची तीही त्याच्यावरच.
सूर जड झाला की लोड चढला,
सूर फाटला की कुठेतरी पत्रा सैल.
कुरुंदकर साहेब रीडिंग मागायचे.
मी म्हणायची, आधी बाहेर येऊन ऐका.

आणि इथे, या तरंगत्या, फुटत्या,
कुणीतरी फार शिकून केलेल्या आवाजांच्या तळाशी
तो होता.
पण चुकीचा. जरासा वर.
ओळखीच्या माणसाने
फोनवर दुसऱ्याच्या घशातून बोलावं तसा.

मग आठवलं. आपल्याकडे पन्नास, इथे साठ.
पन्नासला सा धरला
तर साठ म्हणजे कोमल गंधार.
हा हिशेब तिथेच केला, गालिच्यावर, निजून.
म्हणजे आठ महिने
फ्रीज, जिन्यातले दिवे, धुण्याचं मशीन,
सगळं घर गंधारावर लागलेलं
आणि मी ऋजुताला सांगतेय,
गादी बदल, झोप येत नाही.

बाहेर आल्यावर निहारला म्हटलं, हिला विचार,
तळातला तो घुमारा संगीतातलाच का?
डेलोरिसने एक बोळा काढला.
म्हणाली, नोव्हेंबरपासून ऐकतेय.
ज्याने हे बसवलं तो म्हणतो, माझा नाही.
मला वाटलं, माझ्याच डोक्यात आहे.

भिंतीत पांढरा रंग दिलेलं एक अरुंद दार होतं.
मी त्याला कान लावला.
तिनेही लावला, पलीकडून,
आमची नाकं समोरासमोर.
पत्रा सैल आहे, म्हटलं, बोल्ट आवळायला हवा.
मराठीतच म्हटलं.
निहार सांगायला पुढे झाला
तर तिने हाताने त्याला थांबवलं
आणि दुसरा बोळाही काढला.