येतो

पुस्तकात होतं : मी जाते, मी येते.
राजेंद्रनगरच्या नळावर हशा पिकला.
अक्काताई म्हणाली, "जातो म्हण गं,
हितं बायकाबी जातोच म्हणत्यात."

रांगेत माझी घागर सातवी,
निळी, बुडाला डांबर थापलेली.
पोरं अजून केसांना हात लावून पळतात.
बाबालाल अंड्यामागं रुपया जादा घेतो;
मला ठाऊक आहे, त्यालाही.

रात्री बेटावरून आईचा फोन.
तिकडं दुपार, मागं कोंबड्यांचा कालवा.
काय जेवलीस?
झुणक्याला आमच्यात शब्द नाही.
पिवळं, म्हटलं. तिखट.

आज डोळाच उघडला नाही. पाणी गेलेलं.
दारात घागर, काठोकाठ, वर ताटली.
कुणी भरली, कुणी सांगेना.

कुलूप लावलं.
"येतो," म्हणालो गल्लीला.
कुणी हसलं नाही.